चहा उकळेपर्यंत होणारा पदार्थ

ज्या वर्षी माझ्या नातवाने, अद्वैतने, होसूर रोडला बोम्मसंद्र्याच्या पुढे चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि त्याच्या सासरच्या गुरुजींनी पुण्यात बसून फोनच्या पडद्यावरून त्याची वास्तुशांत केली, त्या वर्षाच्या डिसेंबरातली ही हकिगत आहे. होमाचा धूर आमच्या बाजूला झाला आणि दक्षिणा त्यांच्या बाजूला पोचली. धुराने छतातली धोक्याची घंटा वाजली, ती मंगल मानण्यात आली. मधेच गुरुजींचा आवाज गेला, नुसते ओठ हलत राहिले. तरी वास्तू शांत झाली यावर सर्वांचं एकमत झालं.

या संकुलाचं नाव इंग्रजी आहे आणि त्याचा अर्थ 'रुपेरी कुरणं' असा होतो, असं मला सांगण्यात आलं. माझ्या लहानपणी इथे रागीचं, म्हणजे नाचणीचं, शेत होतं आणि त्याला काही नाव नव्हतं. आमचं घराणं या मुलखात येऊन साडेतीनशे वर्षं झाली. तरी पुण्याहून परवा आलेले लोक लिफ्टमध्ये मला प्रेमाने विचारतात, "आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी इथून जवळचंच आनेकल सांगते. ते म्हणतात, "नाही, पण मूळच्या?"

संकुलात प्रत्येक भाषेचं एक मंडळ आहे. वर्षाच्या शेवटी सर्व मंडळांची मिळून एक पार्टी होते. तिला नाताळची म्हटलं तर काही लोक दुखावतात आणि नव्या वर्षाची म्हटलं तर पाडवावाले दुखावतात, म्हणून तिला 'हॉलिडे पार्टी' असं अधिकृत नाव आहे. त्या काळात संकुलातल्या कोणालाही सुट्टी नसते. प्रत्येक मंडळाने जेवणाआधी खायचा एक छोटा पदार्थ आणायचा आणि सर्वांत चांगल्या पदार्थाला करंडक. आदल्या वर्षी मराठी मंडळाची कोथिंबीर वडी शेवटची आली होती. परीक्षकांनी शेरा दिला होता, 'अपेक्षित.' हा शेरा मंडळाला फार लागला.

म्हणून यंदा माझ्या नातसुनेला, स्मिताला, पदार्थ समितीची निमंत्रक नेमलं. स्मिता पुण्याची, हुशार, आणि मनाने चांगली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते विसरायला होईल.

तिने फोनवर एक कृती पाहिली. घरीच पहिला घाणा केला आणि मला ओट्याशी उभं करून दाखवला.

"आजी, इतकं सोपं आहे ना! पफ पेस्ट्रीची शीट आयती मिळते, फ्रीझरमधली. तिचे चौकोन कापायचे, मध्ये चीजचा तुकडा, वर अंजिराची फोड, थेंबभर मध, आणि ओव्हनमध्ये. चहा उकळेपर्यंत तयार!"

खरंच, चहा गाळायच्या आत ते चौकोन फुगून सोनेरी झाले. वास सगळ्या घरभर गेला आणि आतल्या खोलीपर्यंत पोचला. आतल्या खोलीत अण्णा होता.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ विश्वासराव. आनेकलला त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दिवाळीच्या सुमारास त्याचं हृदय थकलं, म्हणून त्याला आम्ही इकडे आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अम्मा, आता पथ्य नको. जे मागतील ते द्या." पण अण्णा काही मागतच नव्हता. रागीच्या पिठाचे गोळे, रागीमुद्दे, केले, भात केला, खीर केली. बोटभर चाटायचा आणि ताट सरकवायचा. माणसाला खायची इच्छा उरली नाही म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं.

त्या दिवशी आतून आवाज आला. "अंबू! काय भाजतंय गं ते?"

"चीज आणि अंजीर, अण्णा."

"कोणाचं लग्न कोणाशी लावतील नेम नाही," अण्णा म्हणाला. "एक आण बघू."

मी अक्षरशः धावले. दीड महिन्यात त्याने पहिल्यांदा काही मागितलं होतं. पण स्मिताने पफ डब्यात भरून झाकण लावलं होतं. ती आतल्या खोलीच्या दारात गेली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "अण्णाआजोबा, आत्ता नाही हं. हे कमिटीचं सँपल आहे, मोजून मागितलंय. फायनल झालं की पहिला पीस तुम्हाला. प्रॉमिस!"

"सरी, सरी," अण्णा म्हणाला. "बरं. पहिला माझा."

डबा क्लबहाउसात गेला. त्याबरोबर मीही गेले, कारण मी मंडळाची ज्येष्ठ सल्लागार आहे. ज्येष्ठ सल्लागाराने फोटोत मध्ये बसायचं असतं.

समितीचा अध्यक्ष मकरंद, नागपूरचा. तो ऑफिसात काय करतो हे त्याच्या बायकोलाही नीट सांगता येत नाही, पण तो ते फार शिस्तीत करतो. त्याने प्रत्येकाला एकेक पफ दिला. सगळ्यांनी डोळे मिटून चावला. पदार्थ उत्तम झाला होता. मला वाटलं, काम संपलं. पण उत्तम झालेल्या पदार्थावर समितीला काही बोलता येत नाही, आणि बैठक तर तासाभराची ठरली होती.

"टेस्टला प्रश्नच नाही," मकरंद म्हणाला. "पण आपण प्रोसेसने जाऊ. आधी कॉन्फिडेन्शिअॅलिटी. स्मिता, तू हे घरी भाजलंस?"

"हो, ट्रायलला."

"तुमच्या मजल्यावर बंगाली मंडळाची सेक्रेटरी राहते. वास डक्टमधून जातो. वास हीसुद्धा माहिती आहे."

सर्वांना हे पटलं. ठराव झाला की पार्टी होईपर्यंत हा पदार्थ कोणीही, कोणत्याही कारणाने, घरी करू नये.

मी विचारलं, "डब्यात एक उरलाय. माझ्या भावाला नेऊ का?"

"आजी, तो रेफरन्स सँपल आहे," मकरंदने समजावलं. "वाद झाला तर तुलना कशाशी करणार?" रेफरन्स सँपल क्लबहाउसच्या फ्रीजमध्ये ठेवलं गेलं. त्याला पुढे बुरशी आली. तेव्हा तुलना करायला पुन्हा बैठक घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी स्मिताला म्हटलं, "एक पफ कर गं. दार लावून कर."

"आजी, मीच निमंत्रक. मीच नियम मोडला तर बाकीच्यांना काय सांगू?" तिचा चेहरा खरोखर कसनुसा झाला होता. "थोडेच दिवस आहेत."

मग मीच करावा म्हटलं. पण आमचा ओव्हन फोनवरून चालतो, आणि लहान मुलांच्या व ज्येष्ठांच्या सुरक्षेसाठी त्याला कुलूप घातलेलं आहे. सुरक्षित अशी मी त्याच्यापुढे थोडा वेळ उभी राहिले. शेवटी गेटबाहेरच्या बेकरीत जाऊन दिलपसंद आणला. गोड, खोबऱ्याचा, गरम. अण्णाने एक कण जिभेवर ठेवला आणि हसला.

"हे मी जन्मभर खाल्लंय, अंबू. आता ते न खाल्लेलं हवंय."

इकडे समितीचं काम जोरात होतं. शाल्मली म्हणून आहारतज्ज्ञ बाई समितीत होत्या. प्रत्यक्षात त्या बँकेत होत्या, पण आहाराबद्दल त्यांना काळजी वाटायची. त्यांनी सांगितलं की संकुलात सर्व प्रकारची माणसं राहतात आणि एकालाही वगळलं गेल्यासारखं वाटता कामा नये. याला विरोध कोण करणार? अंजिरात बी फार, ते जैन कुटुंबांना चालत नाही, म्हणून अंजीर गेलं आणि सफरचंद आलं. सफरचंदाची फोड फोटो काढेपर्यंत काळी पडते, म्हणून द्राक्षं आली. द्राक्ष लहान मुलांच्या घशात अडकतं. तेव्हा एका इंजिनिअरने तोडगा काढला की फळ प्रत्यक्ष न ठेवता सूचित करावं. अंजिराच्या वासाचा थेंब बाटलीत मिळतो. तो टाकला की फळाचा अनुभव मिळतो आणि जबाबदारी राहत नाही.

मधाला मधमाश्यांच्या बाजूने हरकत आली. चीजचा प्रश्न नाजूक होता. काहींना दूध पचत नाही, काहींना ते तत्त्वतः पचत नाही. चीज 'ऐच्छिक' करण्यात आलं. ऐच्छिक ठेवायला वेगळी वाटी लागते, वाटीसाठी वेगळं टेबल, आणि प्रत्येक मंडळाला टेबल एकच. म्हणून ऐच्छिक चीज पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवलं.

"मग राहिला नुसता चौकोन," मी म्हटलं.

"तोही मैद्याचा," शाल्मली खिन्नपणे म्हणाल्या. "आजी, मैदा म्हणजे विषच."

विष कोणाला खायला घालायचं नाही यावर मतदान घ्यावं लागलं नाही.

मकरंदने समारोप केला. "मूळ संकल्पनेला धक्का न लावता आपण इथवर आलो, याचा मला अभिमान आहे." टाळ्या झाल्या. स्मिताही टाळ्या वाजवत होती, पण तिच्या हातांचा आवाज येत नव्हता. घरी येताना लिफ्टमध्ये मी तिला म्हटलं, "अगं, तू काही बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "आजी, प्रत्येक मुद्दा बरोबर होता."

याच सुमारास कूपनं निघाली. प्रत्येक रहिवाशाला एक कूपन, आणि कूपन दाखवल्याशिवाय पदार्थ नाही. आमच्या घरात अण्णाचं कूपन आलं नाही. गेटवरच्या ॲपमध्ये त्याची नोंद दिवाळीपासून 'पाहुणा' अशी होती. रोज संध्याकाळी अद्वैतच्या फोनवर विचारणा यायची, 'आपले पाहुणे अद्याप बाहेर पडलेले नाहीत. मुक्काम वाढवायचा का?' अद्वैत रोज वाढवायचा. मला त्या विचारण्याचा राग यायचा आणि वाढवण्याचा आनंद व्हायचा.

मी संकुलाच्या कचेरीत गेले. तिथला व्यवस्थापक अवधूत, बेळगावकडचा. बोलायला अगदी लाघवी.

"अक्का, बसा बसा. स्वल्प थांबा हं, सिस्टिम स्लो आहे." त्याने थोडा वेळ पडदा पाहिला. "विश्वासराव... हां. व्हिजिटर. व्हिजिटरला कूपन नाही, अक्का."

"मग त्याला रहिवासी कर."

"लगेच करतो. पत्त्याचा पुरावा द्या."

मी अण्णाचं कार्ड पुढे केलं. अवधूतने ते आदराने दोन्ही हातांनी घेतलं. "हा तर आनेकलचा पत्ता. यावरून ते आनेकलला राहतात हे सिद्ध होतं."

"तो दोन महिने माझ्या शेजारच्या खोलीत झोपतोय."

"ते मला माहीत आहे, अक्का. मीच रोज पाहतो. पण मला माहीत असून काय उपयोग?" त्याला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. मग त्याचा चेहरा उजळला. "एक रस्ता आहे. ते इथे किमान सहा महिने राहणार असं घरच्यांनी लिहून द्या. चालतं."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, तितके राहणार नाहीत."

अवधूतने मान हलवली. फार समजूतदारपणे म्हणाला, "मग ते पाहुणेच ना, अक्का."

मी अण्णाचं कार्ड परत घेतलं आणि उठले. शेवटी मी माझं कूपन अण्णाला द्यायचं ठरवलं. कूपन अहस्तांतरणीय आहे असं त्यावर छापलं होतं. मी अक्षरं साठी उलटल्यावर शिकले, त्यामुळे छापलेलं सगळं वाचते. पण तो नियम मी वाचलाच नाही असं ठरवून टाकलं. शाळेत गेलेले लोक हेच करताना मी पाहिले आहेत.

एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी पार्टी झाली. अण्णाला चाकाच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. त्याने आनेकलहून आणलेला कोट घातला होता आणि गळ्यात 'पाहुणा' अशी पट्टी होती. क्लबहाउस दिव्यांनी लखलखत होतं. मराठी मंडळाच्या टेबलाभोवती सर्वांत मोठी गर्दी होती. टेबलावर कागदाच्या सुबक वाट्या मांडल्या होत्या. प्रत्येक वाटीत एक लाकडी काडी उभी, काडीच्या टोकाला अंजिराच्या वासाचा थेंब, आणि काडीला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'यात चीज नाही, मैदा नाही, साखर नाही, मध नाही, अंडं नाही, फळ नाही.'

लोक वाटी नाकाशी नेत आणि डोळे मिटत.

"किती लाइट आहे!"

"मी तर तिसरा घेतला. काही जड वाटतच नाही."

"रेसिपी द्या ना प्लीज."

"अगं, एकदम ईझी आहे," एक सदस्य म्हणाली. "बिघडण्यासारखं काही नाहीच त्यात."

स्मिता गर्दीतून वाट काढत आली. तिने पहिली वाटी बाजूला काढून ठेवली होती. दिलेला शब्द ती विसरली नव्हती. तिने खाली बसून ती वाटी अण्णाच्या हातात दिली. अण्णाने वास घेतला. त्याचा चेहरा एकदम तरुण झाला.

"तोच! अंबू, तोच वास गं." मग त्याने काडी उचलली, उलटी केली, वाटीत डोकावून पाहिलं. "आता खायचं कुठून?"

मी स्मिताकडे पाहिलं. स्मिता वाटीकडे पाहत होती. त्या काडीत काही नाही हे त्या सगळ्या सभागृहात तिलाच तेवढ्यात दिसलं, असं मला वाटलं. ती म्हणाली, "अण्णाआजोबा, उद्या करते. घरी. खराखुरा."

मकरंद शेजारीच उभा होता. "उद्या नको गं, रविवारी कर ना," तो म्हणाला. अगदी मोकळेपणाने. "समारोपाचा अहवाल शनिवारी मंजूर होतो. तोवर कृती मंडळाची. एकदा क्लोज झालं की मग काय, रोज करा!"

स्मिताने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. बुधवार होता. बुधवारच्या संध्याकाळी रविवार फार लांब वाटत नाही.

"सरी," अण्णा म्हणाला. "रविवारी तर रविवारी." आणि त्याने ती काडी कोटाच्या खिशात ठेवली.

करंडक मराठी मंडळाला मिळाला. शेरा होता, 'सर्वसमावेशक.' मकरंदने भाषणात सांगितलं की आपण एका सोप्या पदार्थापासून सुरुवात केली आणि त्याहून सोप्या पदार्थापर्यंत पोचलो.

शनिवारी सकाळी अण्णाला न्यायचं होतं. सर्व्हिस लिफ्टने न्यावं लागलं, कारण सोफे, गाद्या आणि आडव्या वस्तूंसाठी तीच आहे. अवधूत स्वतः लिफ्टचं बटण दाबून उभा राहिला. डोळे पुसत होता. गाडी गेटमधून बाहेर पडली, दांडा खाली आला, आणि अद्वैतच्या फोनवर संदेश वाजला. तो त्याने मला नंतर दाखवला. 'आपले पाहुणे विश्वासराव बाहेर पडले. त्यांचा मुक्काम कसा वाटला? कृपया तारे द्या.' अद्वैतने रडता रडता पाच तारे दिले होते. हाताला सवय असते.

मंडळाच्या ग्रुपवर त्याच वेळी करंडकाचं अभिनंदन चाललं होतं. त्यातच अण्णाची बातमी पडली. टाळ्या आणि जोडलेले हात एकमेकांत इतके मिसळले की कोणते कशासाठी हे कोणालाच सांगता येईना. मकरंदने अहवाल ठरल्याप्रमाणे मंजूर करून घेतला. त्यात एक मिनिट स्तब्धतेची तरतूद केली.

ज्या घरात कोणी जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे आणून देतात. इतकी वर्षं मी हे आनेकलला पाहत आले, आणि चौदाव्या मजल्यावरही ते तसंच निघालं. दुपारपासून बेल वाजू लागली. मंडळातल्या प्रत्येकाच्या फ्रीझरमध्ये पार्टीसाठी आणलेल्या पफच्या शीट पडून होत्या. जो तो ताट घेऊन आला, आणि प्रत्येक ताटात तेच. चीज, अंजीर, थेंबभर मध. फुगलेले, सोनेरी, गरम. कोणाला कूपन लागलं नाही. मैद्याचं कोणी बोललं नाही. बंगाली मंडळाची सेक्रेटरीसुद्धा घेऊन आली, तिने अंजिराच्या जागी नासपती घातली होती. सगळा ओटा भरला. जेवणाच्या टेबलावर जागा उरली नाही, तेव्हा दोन ताटं आतल्या खोलीत, अण्णाच्या पलंगावर ठेवावी लागली.

शाल्मली माझ्याजवळ बसल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आजी, एक तरी खा. काही त्रास नाही झाला मला. चहा उकळेपर्यंत होतं हे."

मी खाल्ला. खोटं कशाला सांगू, फार चांगला झाला होता.

स्मिताने खाल्ला नाही. ती ओव्हनपुढे उभी होती. त्याचं कुलूप तिने काढून टाकलं होतं.

आता तुम्ही इथवर वाचलंत. वाचता वाचता मधेच तुमच्या मनात आलं असेल की अंजीर ताजं घ्यायचं की सुकं, आणि शीट आधी किती वेळ बाहेर काढून ठेवायची. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मलाही तेच विचारतात. ताजं नसेल तर सुकं चालतं, नुसतं भिजवून घ्यायचं. शीट कापता येईल इतकी मऊ झाली की पुरे. बाकीची कृती वर स्मिताने सांगितलेलीच आहे, त्यात काही गुपित नाही. रविवारी करून बघेन, असं आत्ताच तुम्ही म्हणालात. मी ऐकलं.

विश्वासराव शनिवारी, तीन जानेवारीला, पहाटे वारले.